पिठातल्या किड्यानं उलगडलेलं कोडं

पावसाळ्यात डब्यातलं जुनं पीठ चाळायला घेतलं की चाळणीवर काय काय वळवळतं, ते आपल्याला नवीन नाही. नाक मुरडून आपण ते बाहेर टाकतो नि विषय संपतो. पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेतली एक बाई पिठात राहणाऱ्या अशाच एका किड्याच्या मागे लागली होती. आणि त्याच्याच पोटातून तिनं एका फार जुन्या कोड्याचं उत्तर बाहेर काढलं. होणारं बाळ मुलगा की मुलगी, हे ठरतं तरी कशावरून?

तिचं नाव नेटी स्टीव्हन्स. ७ जुलै १८६१ रोजी व्हरमाँट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावी तिचा जन्म झाला. नेटी जेमतेम दोन वर्षांची असताना आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफर्डला आलं. वडील सुतार. पण या सुतारानं नेटीला आणि तिच्या बहिणीला, एमाला, व्यवस्थित शिकवलं. त्या काळी शिकलेल्या मुलीपुढे वाटा मोजक्याच, त्यातली सोयीची म्हणजे शिक्षिकेची. नेटीही शिक्षिका झाली. शाळेत शिकवायचं, चार पैसे गाठीला लागले की पुढे शिकायचं, मग पुन्हा नोकरी. अध्यापक विद्यालयातला चार वर्षांचा अभ्यासक्रम तिनं दोनच वर्षांत संपवला. मुलांना शिकवलं, ग्रंथालयातही काम केलं. असं करता करता पस्तिशी आली.

या वयात कुणी शिकायचं म्हटलं तर आपल्याकडे अजूनही भुवया उंचावतात, नाही का? नेटी १८९६ मध्ये पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाली! तिथून पेनसिल्व्हेनियातलं ब्रिन मॉर हे मुलींचं कॉलेज, मध्येच शिष्यवृत्तीवर इटलीतलं नेपल्स, जर्मनीत थिओडोर बोव्हेरी या मोठ्या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा... १९०३ मध्ये डॉक्टरेट मिळाली, तेव्हा चाळिशी उलटली होती.

आता थोडं गुणसूत्रांविषयी. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. पेशीच्या केंद्रकात बारीक धागे असतात, तीच गुणसूत्रं. लांबच लांब डीएनए प्रथिनांवर गुंडाळून त्यांचं रीळ झालेलं असतं म्हणा ना. एरवी ती वेगवेगळी ओळखू येत नाहीत. पेशीची दोन शकलं व्हायची वेळ आली की आखडून जाड होतात, आणि रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. प्रत्येकाला एक चिमटलेली कंबर असते, तिला गुणसूत्रबिंदू म्हणतात. ही कंबर कुठे आहे त्यावरून जात ठरते. बरोब्बर मध्ये असेल तर मध्यकेंद्री, जराशी सरकलेली असेल तर उपमध्यकेंद्री, टोकाजवळ असेल तर अग्रकेंद्री आणि अगदी टोकाला असेल तर अंत्यकेंद्री. शाळेत जाणारं लेकरू घरात असेल तर त्यानं ही नावं पाठ केलेली असतील!

नेटीच्या काळी गुणसूत्रं दिसत होती, पण ती नेमकं करतात काय यावर वाद होता. मुलगा-मुलगी ठरतं ते आईच्या खाण्यापिण्यावर, हवापाण्यावर, असं भले भले शास्त्रज्ञही मानत. म्हणजे काहीही झालं तरी हिशेब आईकडेच!

नेटीनं पिठातल्या किड्याच्या पेशींचे पातळ काप केले, रंगवले आणि मोजायला बसली. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं. नराच्याही २०च, पण त्यातली मोठी १९ आणि एक अगदीच चिमुकलं. मग तिनं नराच्या शुक्रपेशी पाहिल्या. निम्म्यांत १० मोठी, आणि निम्म्यांत ९ मोठी नि ते एक चिमुकलं. मादीच्या अंड्यात मात्र नेहमी १० मोठीच. म्हणजे चिमुकलं गुणसूत्र असलेली शुक्रपेशी अंड्याला मिळाली तर नर, दुसरी मिळाली तर मादी. १९०५ साली हे छापून आलं. त्या चिमुकल्याला पुढे ‘वाय’ हे नाव मिळालं आणि त्याच्या मोठ्या जोडीदाराला ‘एक्स’.

माणसाचंही तसंच. ४६ गुणसूत्रं. बाईत दोन एक्स, पुरुषात एक एक्स, एक वाय. आईकडून बाळाला एक्सच मिळणार, दुसरं तिच्याकडे नाहीच. वाय आलं तर ते बापाकडूनच येतं. आणि तेही त्याच्या मर्जीनं नाही बरं का, कुठली शुक्रपेशी पुढे पोहोचेल हे त्याच्याही हातात नसतं. (कोंबडीचं मात्र उलटं, तिथे पिल्लू नर की मादी हे अंड्यावरूनच ठरतं.) तिसरी मुलगी झाली म्हणून दवाखान्याच्या खाटेवर तोंड फिरवून रडणारी बाई मी जवळून पाहिली आहे. सासू पायरीवरूनच माघारी गेली होती. तेव्हा मला हा किडा ठाऊक असता तर!

नेटीच्या वाट्याला काय आलं? त्याच सुमाराला कोलंबिया विद्यापीठातल्या एडमंड विल्सन यांनी स्वतंत्रपणे असंच काही शोधलं. ते नामवंत, त्यामुळे पुस्तकांत बरीच वर्षं त्यांचंच नाव पुढे राहिलं. नेटीचं विधान मात्र जास्त ठाम होतं. तिचे ब्रिन मॉरमधले शिक्षक टॉमस हंट मॉर्गन यांना तर गुणसूत्रांचं हे म्हणणं पटायला आणखी काही वर्षं लागली. पुढे गुणसूत्रांवरच्याच कामासाठी त्यांना १९३३ चं नोबेल मिळालं. याच मॉर्गन यांनी पूर्वी शिफारसपत्रात आपल्या विद्यार्थ्यांत हिच्याइतकं सक्षम कुणी नव्हतं असं लिहिलं होतं. तिच्या मृत्यूनंतरच्या लेखात मात्र चिकाटीची वाहवा, आणि मोठ्या दृष्टीची कमतरता असा सूर! असो.

पूर्णवेळ संशोधनासाठी नेटीला दहा वर्षंही मिळाली नाहीत. तेवढ्यात तिनं चाळीसेक शोधनिबंध लिहिले, भुंगेऱ्यांच्या कित्येक जाती तपासल्या. अखेर ब्रिन मॉरनं तिच्यासाठी खास संशोधन-प्राध्यापकाचं पद निर्माण केलं. पण तोवर स्तनाच्या कर्करोगानं तिला गाठलं होतं. ४ मे १९१२ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ती गेली, वयाच्या ५० व्या वर्षी. त्या पदावर ती एक दिवसही रुजू होऊ शकली नाही. वेस्टफर्डला, सुतार वडील आणि बहीण एमा यांच्याशेजारी तिला पुरलं.