पाव-बटाटा सोडणारे बँटिंग

भोर घाटातून रेल्वे धावू लागली त्याच वर्षी, १८६३ मध्ये, लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी स्थूलतेवर छोटी पुस्तिका काढली. त्यांचा व्यवसाय अंत्यविधीच्या व्यवस्थेचा. वजन ९२ किलो, बुटाची नाडी बांधता येईना, जिना उलट्या पावलांनी उतरत. व्यायाम, उपास सारे करून झाले. अखेर कानाचे डॉक्टर विल्यम हार्वे यांनी पाव, साखर, बटाटा, दूध, बिअर बंद केले; मांस-मासे चालू ठेवले. वर्षभरात २० किलो उतरले! १८७८ मध्ये, ८१व्या वर्षी ते वारले.

कर्जतच्या फलाटावरचा वडापाव म्हणजे त्यांची दोन पथ्ये एकाच घासात मोडणे. खालापूरच्या फूड मॉलवर ऑम्लेट घेऊन पाव बाजूला ठेवता येतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. साखर एकदम उतरू शकते.