विश्लेषण : शाहू महाराजांनी छोट्या व्यावसायिकांना कसे उभे केले?

राजर्षी शाहू महाराजांची २६ जून ही जयंती महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून साजरी होते. आरक्षण, वसतिगृहे आणि सक्तीचे मोफत शिक्षण यांमुळे त्यांचे नाव घेतले जाते. मात्र त्यांच्या २८ वर्षांच्या कारकिर्दीची आणखी एक बाजू आहे. ज्यांच्या घरात कधी दुकानदारी नव्हती, अशांना त्यांनी धंद्यात उभे केले. त्यासाठी भांडवल आणि कसब एवढे पुरेसे नाही, बाजारही खुला असावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

शाहू महाराज सत्तेवर कसे आले?

त्यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. कोल्हापूरच्या गादीला वारस नसल्याने १८८४ मध्ये ते दत्तक गेले आणि शाहू झाले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी संस्थानातील वरच्या नोकऱ्या मोजक्या जातींकडे होत्या. गावात बलुतेदारी होती, म्हणजे कोणी कोणता धंदा करायचा हे जन्मावरून ठरत असे.

शाहूपुरीची पेठ का वसवली?

कोल्हापूर परिसरात ऊस पिकत होता, गावोगावी गुऱ्हाळे चालत होती. प्रश्न होता तो गूळ विकण्याचा. मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गाच्या कामाचा प्रारंभ १८८८ मध्ये, महाराज अल्पवयीन असताना, त्यांच्याच हस्ते झाला होता. १८९१ मध्ये गाडी कोल्हापुरात आली. अधिकार हाती आल्यावर वर्षभरातच, १८९५ मध्ये, त्यांनी रेल्वे स्थानकालगत शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसवली. बाहेरच्या व्यापाऱ्यांना सवलती देऊन तिथे आणले. शेतकऱ्याच्या गुळाला घराजवळ बाजार मिळाला आणि कोल्हापुरी गुळाचे नाव दूरवर गेले. पेठ म्हटली की अडते आले, हमाल आले, गाडीवान आले, तसेच दोरी-पोत्यांची व खानावळीची दुकानेही आली. एका बाजारपेठेने अनेकांच्या पोटापाण्याची सोय झाली.

१९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली. १९०७ मध्ये भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे काम हाती घेण्यात आले. सावकाराच्या व्याजाला पर्याय म्हणून सहकारी संस्थांना उत्तेजन मिळाले. कोल्हापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी १९१३ मध्ये सुरू झाली, ती याच काळात.

धंद्याची दारे सर्वांना कशी उघडली?

बाजार असला तरी त्यात प्रत्येकाला जागा नव्हती. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने महाराजांनी संस्थानातील ५० टक्के नोकऱ्या मागास समाजांसाठी राखून ठेवल्या. पण सरकारी नोकऱ्या शेवटी मोजक्याच असतात. बाकीच्यांचे काय, याचे उत्तर स्वतंत्र व्यवसायात होते. त्यात मोठा अडसर बलुतेदारीचा होता. १९१८ मध्ये त्यांनी ती कायद्याने बंद केली आणि महार वतनेही रद्द केली. वेठबिगारीत अडकलेल्या माणसाला दुसरा धंदा करण्याची मोकळीक मिळाली.

कायदा केला, आता ज्याने त्याने पाहावे, अशी भूमिका त्यांनी घेतली नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या तरुणांना त्यांनी शिवणयंत्रे दिली आणि दरबारचे कपडे त्यांच्याकडून शिवून घेतले. काहींना माहूत, कोचमन, मोटारचालक या कामांवर नेमले. शिकलेल्यांना वकिलीच्या सनदा दिल्या. हातात साधन देतानाच पहिले कामही दिले, हे यातील विशेष.

गंगाराम कांबळे यांचे हॉटेल का महत्त्वाचे?

गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकर होते. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला स्पर्श केला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर त्यांना हा प्रकार समजला. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. गंगाराम यांना मात्र महाराजांनी पुन्हा त्याच नोकरीत ठेवले नाही, तर स्वतःचा धंदा काढण्यास सांगून त्यासाठी पैसे दिले.

गंगाराम यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचे हॉटेल काढले. जागा मोक्याची, चहा चांगला, दुकान स्वच्छ. तरीही गिऱ्हाईक फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, हा प्रश्न होता. भांडवलाने तो सुटणारा नव्हता आणि हुकूम काढून कोणाला चहा पाजता येत नाही.

महाराजांनी यावर साधा उपाय काढला. फेरफटक्याला निघाले की ते आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवत, चहा मागवत आणि सर्वांदेखत पीत. सोबतच्या मंडळींनाही तोच चहा मिळे. सहीसाठी कागद घेऊन आलेल्यांनाही आधी तिथला चहा घ्यावा लागे, अशी आठवण कोल्हापुरात सांगितली जाते. छत्रपती जिथे चहा पितात, तिथे इतरांना नाक मुरडणे अवघड झाले. हॉटेल चालू लागले. पुढे महाराजांनी गंगाराम यांना सोडावॉटरचे यंत्रही मिळवून दिले.

या प्रयत्नांच्या मर्यादा कोणत्या?

यातील बरेच काही एका राजाच्या इच्छेवर अवलंबून होते. प्रत्येक दुकानासमोर छत्रपतींची गाडी थांबणे शक्य नव्हते. जातीचा पगडाही एका कारकिर्दीत सुटणारा नव्हता. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते. पुढे कोल्हापुरात त्यांचे स्मारक उभारण्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत हॉटेलवाले गंगाराम कांबळे होते. ज्याला नोकरीत मार खावा लागला, तो आता स्वतःच्या कमाईवर उभा होता आणि समाजाच्या कामात पुढे येत होता.

आज याचे महत्त्व काय?

नवउद्योजकांसाठी आज प्रशिक्षणवर्ग आहेत, कर्जयोजना आहेत, अनुदानही आहे. प्रमाणपत्र आणि कर्ज हाती पडले की योजनेचे काम संपले, असे पुष्कळदा मानले जाते. प्रत्यक्षात दुकान उघडल्यानंतरचे पहिले काही महिनेच कठीण असतात. माल तयार असतो, हप्ता सुरू झालेला असतो आणि गिऱ्हाईक ओळखीच्या दुकानाकडेच जात असते. बाजार जवळ आणणे, आडवे येणारे नियम हटवणे, साधन देणे आणि सरकारने स्वतः पहिली खरेदी करणे, या चारही गोष्टी शाहू महाराजांच्या कारभारात दिसतात. त्यातील चौथी आजही सर्वांत कमी होते.