देवळालीचे गणितवेडे गुरुजी : द. रा. कापरेकर

मूळ संख्यांना गोल करून झाले की मी वर्गात शेजारशेजारच्या मूळ संख्यांमधलं अंतर काढायला लावतो. ५ पासून २, ४, २, ४, २, ४ असं येतं. मुलं खूश! पण २३ नंतर एकदम ६ येतात आणि सगळी घडी विस्कटते. ८९ नंतर ९७, ११३ नंतर तर थेट १२७. मग मी कापरेकर गुरुजींची गोष्ट काढतो.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. ठाण्यात शाळा, पुण्यात फर्ग्युसन कॉलेज, १९२९ साली बी.एस्सी. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

त्यांचा एक खेळ बघा. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे १५ ही २१ ची जनक. पण २० ला जनकच नाही, कितीही शोधा! अशा संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं, आपल्या गावावरून देवळाली संख्याही म्हटलं. (आमच्या वर्गातल्या एकाने ते 'देवणी संख्या' असं ऐकलं, आणि वर्गाला तेच जास्त आवडलं.)

१, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३... अंतरं काढा. आधी २, मग ११, ११, ११. थेट १०८ पर्यंत. तिथे मध्येच २ येऊन ११०, की पुन्हा ११ सुरू, २०९ पर्यंत. मग परत २, म्हणजे २११. मूळ संख्या अशी शिस्त पाळत नाहीत. आणि गंमत म्हणजे ३, ५, ७, ३१, ५३, ९७ या दोन्हीकडच्या आहेत.

६१७४ ही प्रसिद्ध संख्याही त्यांचीच. पण आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. मास्तरच तो, त्याचं कोण ऐकणार! १९६६ साली पत्नी वारल्या. पेन्शन पुरेना, म्हणून गुरुजी शिकवण्या घेत राहिले. वही मात्र सुटली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे जगाला नाव कळलं. गुरुजी तेव्हा सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले.

उद्या वहीत २११ च्या पुढच्या दहा देवळाली संख्या काढून आणा.