एका खरेदीखताचे ऋण

अमेरिका इंग्रजांची वसाहत असतानाची गोष्ट. न्यू जर्सीतल्या माउंट हॉली गावी एका दुकानात जॉन वूलमन हा विशीतला तरुण हिशेब लिहायला होता. एके दिवशी मालकाने त्याला खरेदीखत लिहायला बसवले. विकायची होती मालकाचीच एक काळी गुलाम स्त्री. घेणारा वूलमनच्याच क्वेकर पंथातला वृद्ध गृहस्थ. वूलमनने खत लिहिले. गुलामगिरी ख्रिस्ती धर्माला धरून नाही, हेही दोघांना तिथेच सांगितले. पण मन खात राहिले. पुढे दुसऱ्याने असेच खत लिहायला सांगितले, तेव्हा त्याने साफ नकार दिला. आपण फक्त कागद लिहितो, जबाबदारी वरच्यांची, ही समजूत बँकेत हयात घालवलेल्या आम्हा मंडळींच्या चांगल्या परिचयाची. वूलमनला ती पुरली नाही.

१७२० साली जन्मलेल्या या माणसाने पुढे शिवणकाम केले, दुकान चालवले. धंदा फार वाढू लागला, तेव्हा १७५६च्या सुमारास आवरता घेतला. क्वेकरांत पगारी पाद्री नसत. ज्याला आतून हाक येई, तो सभेत बोले आणि मंडळींच्या संमतीने गावोगाव फिरे. वूलमन १७४६ आणि १७५७ साली दक्षिणेत फिरला. यजमान क्वेकर, पण राबणारे गुलाम. तो भांडत नसे. निघताना गुलामांच्या कष्टाचे मोल म्हणून चांदीची नाणी ठेवी. देणाऱ्यालाही ते जड जाई, घेणाऱ्यालाही.

१७५४ साली गुलामगिरीविरुद्धचा त्याचा निबंध छापून आला. १७५८च्या फिलाडेल्फियातील वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना घरी जाऊन समजावण्यासाठी माणसे नेमली; त्यांत वूलमन होता. पुढे त्याने रंगवलेले कपडेही सोडले.

१७७२ साली तो इंग्लंडला निघाला, तो बोटीच्या कोंदट तळाशी, खलाशांच्या शेजारी. तिथे टपालगाडीत बसला नाही. त्या वेगापायी घोडे मरत, गाडीवरच्या पोरांचे हाल होत. पायी यॉर्कला पोचला आणि ७ ऑक्टोबरला देवीच्या रोगाने गेला.

चार वर्षांनी, १७७६ साली, फिलाडेल्फियाच्या त्याच सभेने गुलाम न सोडणाऱ्यांना पंथाबाहेर काढायचे ठरवले. वूलमनची रोजनिशी १७७४मध्येच छापली गेली होती. त्या खरेदीखताची कबुली तीत आहे. विकल्या गेलेल्या त्या स्त्रीचे नाव मात्र नाही.