समुद्रासाठी घडले, घाटात रुजले

पावसाळ्यात माळशेज घाटात दरड कोसळली, की मुरबाडच्या बाजूने धाव घेणाऱ्या यंत्रांत पहिला मान असतो तो अवघा तालुका ज्याला ‘जेसीबी’ म्हणून ओळखतो त्या पिवळ्या यंत्राचा. खाली चिखल, समोर दगडमातीचा ढीग आणि क्षणाक्षणाला पुढे-मागे होण्याची घाई. अशा वेळी क्लच दाबून गीअर जुळवत बसण्याची चैन चालकाला परवडणारी नसते. शेजारच्या शहापूर तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तसल्या कामांवरचे लोडर आणि बडे डंपरही याच कारणाने क्लचवर विसंबत नाहीत. इंजिन आणि गीअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक गोल डबा असतो, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. तो ज्याच्या बुद्धीतून निघाला त्या हेर्मान फ्योटिंगर यांच्या मनात मात्र डोंगर नव्हता, ट्रकही नव्हता. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो जहाजांचा.

फ्योटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे झाला. म्युनिकमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकून १८९९ मध्ये ते बाल्टिक किनाऱ्यावरील श्टेटिन येथील व्हल्कन या जहाजबांधणी कारखान्यात रुजू झाले. चालत्या जहाजाचा दंड किती पिळला जातो हे मोजून इंजिनाची खरी ताकद सांगणारे उपकरण त्यांनी तयार केले. पीळ देणारा जोर, म्हणजेच टॉर्क, हा त्यांच्या आयुष्याचा विषय तेथेच ठरला.

त्या काळी जहाजांवर वाफेची टर्बाइन नुकतीच येऊ लागली होती आणि तिच्याबरोबर एक पेचही आला होता. टर्बाइनला अतिवेगाने फिरणे मानवते, तर पाण्यातील पंख्याला संथ गती हवी असते. दोघांचा मेळ घालण्यासाठी दातेरी चाके लावावीत, तर एवढी प्रचंड शक्ती पेलणारे दाते अचूक कापण्याची विद्या तेव्हा हाती नव्हती. विजेच्या वाटेचा विचार करून पाहिल्यावर फ्योटिंगर पाण्याकडे वळले. टर्बाइनने पंप फिरवायचा, पंपाने नळातून पाणी ढकलायचे आणि त्या पाण्याने दुसरे चक्र फिरवायचे. यात अडचण एवढीच, की नळांच्या वळणावळणांत बरीच शक्ती वाया जात होती. नळच काढून टाकावेत आणि पंप व चक्र एकाच डब्यात समोरासमोर बसवावे, हा त्यांचा निर्णायक विचार. २४ जून १९०५ या तारखेचे त्यांचे पेटंट याच रचनेचे आहे.

समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला, तर दुसरा वाऱ्याने फिरू लागतो. एवढ्याने केवळ गती पोचते, जोर वाढत नाही. फ्योटिंगर यांनी मध्ये एक तिसरे, स्थिर चक्र बसवले. परतणाऱ्या द्रवाला ते नेमके वळण देते आणि त्या वळणाच्या प्रतिक्रियेतून निघणाऱ्या चक्राचा जोर मूळ जोराहून अधिक होतो. आजच्या वाहनांत तो आरंभी साधारण दुप्पट ते अडीचपट भरतो. चढावर खिळलेले अवजड वाहन हलते ते या वाढीव जोरावर.

समुद्रावरचे यश अल्पायुषी ठरले. १९१३ मध्ये व्हल्कनने बांधलेल्या ‘क्योनिगिन लुइझे’ या प्रवासी जहाजावर ही रचना बसवली गेली. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. सुरुंग पेरण्याच्या कामी लावलेले हे जहाज ५ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिशांनी बुडवले. खरा घाव मात्र तोफांचा नव्हता. तिरपे दाते अचूक कापण्याची कला एव्हाना साधली होती आणि अशी चाके शंभरातील अठ्ठ्याण्णव भाग शक्ती पुढे पोचवीत. फ्योटिंगर यांचा डबा नव्वदीच्या आसपास अडखळे. ज्या कामासाठी शोध लागला, तेच काम हातचे गेले.

ते स्वतः १९०९ पासून डान्झिगला आणि १९२४ पासून बर्लिनला प्राध्यापक होते. द्रवप्रवाहाच्या अभ्यासात ते रमले. त्यांच्या कल्पनेने मात्र इतर वाटा धरल्या. लंडनच्या बसगाड्यांचे हिसके टाळण्यासाठी हॅरल्ड सिंक्लेअर यांनी द्रवजोडणीचा मार्ग धरला. कार्ल्सरूच्या अभियंत्यांनी १९२८ मध्ये स्थिर चक्र एकाच दिशेने मोकळे फिरेल अशी सोय केली. त्यामुळे वेग आल्यावर त्याचा अडसर उरला नाही, आणि मोटारीत हा डबा खऱ्या अर्थाने शोभला तो तेव्हापासून.

कन्व्हर्टरची निवड हा आजही जाणत्यांचा प्रांत आहे. जुन्या ट्रकचा क्लच-गीअरबॉक्स उतरवून रानवाटांसाठी स्वयंचलित गीअरबॉक्स चढवायचा, तर मोठा डबा आणावा की छोटा, एवढ्यावर भागत नाही. चाके अडलेली असताना इंजिन कोणत्या फेऱ्यांपर्यंत चढते हे पाहावे लागते. हा आकडा इंजिनाच्या कमाल टॉर्कच्या फेऱ्यांजवळ असावा. कन्व्हर्टर फार सैल असेल तर इंजिन नुसते गुरगुरते आणि तेल तापते. फार घट्ट असेल तर चढावर इंजिनाचा दम कोंडतो. डिझेलचा जोर कमी फेऱ्यांतच येतो, म्हणून पेट्रोल मोटारीचा डबा त्याला सहसा मानवत नाही. तेल थंड करणारा कूलर तर हवाच, कारण वाया गेलेली शक्ती उष्णता होऊन तेलातच उतरते. घाट उतरताना आणखी एक खोड दिसते: द्रवाच्या जोडणीतून इंजिनाचा आवर ढिला पडतो. त्यावर तोड म्हणून बड्या डंपरांत वेग रोखणारा जो द्रवरोधक बसवतात, तोही फ्योटिंगर यांच्याच तत्त्वावर चालतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘हेलकॅट’ या रणगाडाविरोधी वाहनात टॉर्क कन्व्हर्टर होता. जर्मन भूमीवर जन्मलेली युक्ती शत्रूच्या वाहनातून जर्मनीत परतली. बर्लिन रशियन फौजांच्या वेढ्यात असताना, २८ एप्रिल १९४५ रोजी, तोफगोळ्याची कपची लागून अडुसष्ट वर्षांचे फ्योटिंगर मरण पावले. महायुद्धानंतर तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेत ब्यूइक कंपनीने टॉर्क कन्व्हर्टर असलेली मोटार सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आणली.