मरण दारात उभं असताना या डॉक्टरने अनाथ मुलांना घेऊन टागोरांचं नाटक बसवलं

तारीख १८ जुलै १९४२. गाव वॉर्सा, पोलंडची राजधानी.

नाझींनी शहराच्या मधोमध भिंत घालून चार लाखांहून जास्त ज्यूंना आत कोंडलं होतं. या वस्तीला घेट्टो म्हणायचे. आत अन्न नाही, औषध नाही. टायफसने आणि भुकेने माणसं रस्त्यावर मरून पडत होती. आणि त्या दिवशी घेट्टोतल्या एका अनाथालयात चक्क नाटकाचा प्रयोग होता.

नाटक होतं आपल्या रवींद्रनाथ टागोरांचं, 'डाकघर'. कलाकार होती अनाथालयातली मुलं. आणि हे नाटक निवलडं होतं अनाथालय चालवणाऱ्या साठी ओलांडलेल्या एका डॉक्टरने. त्यांचं नाव यानुश कोर्चाक.

पुढच्या तीन आठवड्यांच्या आत ती मुलंही राहिली नाहीत आणि डॉक्टरही.

जग त्यांना ओळखतं ते त्यांच्या शेवटामुळे. पण हा माणूस नेमका काय करत होता, आणि तशा दिवसांत त्याला नाटक का सुचलं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

नाटकातून मिळालेलं नाव

कोर्चाक यांचं खरं नाव हेन्रिक गोल्डश्मित. जन्म १८७० च्या दशकाच्या शेवटी, वॉर्सातल्या एका सुखवस्तू ज्यू घरात. वडील नामांकित वकील. पण वडिलांना मानसिक आजाराने गाठलं आणि १८९६ मध्ये ते गेले. घरची घडी विस्कटली. कॉलेजच्या वयातला हेन्रिक शिकवण्या घेऊन घर चालवायला लागला.

१८९८ मध्ये त्याने एका नाट्यलेखन स्पर्धेत भाग घेतला. त्यासाठी एका पोलिश कादंबरीतल्या नायकाचं नाव टोपणनाव म्हणून उचललं. तेच नाव पुढे आयुष्यभर चिकटलं. म्हणजे कोर्चाक हे नावच मुळात नाटकातून आलेलं.

शिक्षण मात्र डॉक्टरकीचं. १९०५ मध्ये पदवी मिळाली, रशिया-जपान युद्धात सैन्याचे डॉक्टर म्हणून काम झालं, मग वॉर्साच्या मुलांच्या इस्पितळात नोकरी. प्रॅक्टिस चांगली चालली होती, लेखक म्हणूनही नाव झालं होतं. पण त्यांना एक गोष्ट डाचत होती. औषध देऊन मूल बरं करायचं आणि परत त्याच उपाशी, बेवारस आयुष्यात पाठवायचं, याला काय अर्थ?

शेवटी त्यांनी इस्पितळ सोडलं. १९१२ मध्ये वॉर्साच्या क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी नवी इमारत उभी राहिली. नाव 'दोम शेरोत', म्हणजे अनाथांचं घर. कोर्चाक त्याचे संचालक झाले. स्टेफानिया विल्चिन्स्का नावाच्या बाई रोजचा सगळा कारभार बघायच्या. दोघांनीही लग्न केलं नाही. पुढची तीस वर्षं दोघांनी या घरालाच दिली.

जिथे मुलंच न्यायाधीश होती

आईबाप नसलेलं, रस्त्यावर वाढलेलं मूल नव्या जागी आलं की काय होतं? ते कुणावर विश्वास ठेवत नाही. चोरी करतं, मारामारी करतं, नाहीतर कोपऱ्यात गप्प बसून राहतं. त्या काळातल्या अनाथालयांकडे यावर एकच उपाय होता, तो म्हणजे छडी.

कोर्चाक यांनी वेगळी पद्धत लावली.

नवीन मूल आलं की त्याला जुन्या मुलांपैकी एक जण पालक म्हणून मिळायचा. घरातले नियम समजावणं, भांडणं सोडवणं, त्याच्या वागण्याची वहीत नोंद ठेवणं हे सगळं या छोट्या पालकाचं काम. काही काळाने सगळी मुलं नव्या मुलाबद्दल मतदान करायची. आवडतो, आवडत नाही किंवा काही फरक पडत नाही. त्यावरून त्याचा घरातला दर्जा ठरायचा आणि वागणं सुधारलं की तो वाढायचाही. इथे आपली किंमत मोठ्यांची मर्जी ठरवत नाही, सोबतची मुलं ठरवतात, हे मुलाला आपोआप कळायचं.

घरात मुलांचं कोर्ट होतं. कुणीही कुणावरही खटला भरू शकायचं. न्यायाधीश मुलंच. कायद्याच्या कलमांचे आकडे १००० पर्यंत जायचे, पण पहिली ९९ कलमं माफीची. शेवटचं, हजारावं कलम होतं घरातून काढून टाकण्याचं. खुद्द कोर्चाकही आरोपी म्हणून उभे राहिले. सहा महिन्यांत पाच वेळा. एका मुलीवर चोरीचा संशय घेतला, हा त्यातलाच एक गुन्हा.

मुलांची संसद होती, घराचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं. भिंतीवर एक टपालपेटी होती. तोंडाने सांगता येत नाही ते मुलांनी लिहून त्यात टाकायचं. लिहिताना मूल थांबतं, विचार करतं आणि अर्धा राग तिथेच उतरतो, असा त्यांचा अनुभव होता.

पुढे १९२६ मध्ये त्यांनी मुलांनी लिहिलेलं साप्ताहिक सुरू केलं. एका मोठ्या ज्यू दैनिकाची ती पुरवणी होती आणि ती १९३९ पर्यंत चालली. रेडिओवर ते म्हातारा डॉक्टर या नावाने बोलायचे. अख्खा पोलंड ऐकायचा. ज्यूद्वेष वाढत होता, त्यामुळे त्यांचं नाव मात्र सांगितलं जायचं नाही.

नाटकाचा नादही सुटला नव्हता. १९३१ मध्ये त्यांचं 'वेड्यांची सिनेट' हे नाटक वॉर्साच्या अतेनेउम थिएटरमध्ये लागलं.

भिंतीच्या आत

१९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. पुढच्या वर्षाच्या शेवटी क्रोखमाल्नाची इमारत सोडून सगळ्यांना घेट्टोत जावं लागलं. या हलवाहलवीत मुलांसाठीच्या बटाट्यांची गाडी जर्मनांनी जप्त केली. कोर्चाक जाब विचारायला गेले, तेही ज्यूंना सक्तीचा असलेला दंडावरचा पट्टा न बांधता. त्यांना मारहाण झाली आणि तुरुंगात टाकण्यात आलं.

सुटून आले तेव्हा तब्येत पार ढासळली होती. तरी रोज झोळी घेऊन मुलांसाठी अन्न मागत घेट्टोभर फिरायचे.

याच काळात आजूबाजूच्या गावांतून हाकललेली ज्यू कुटुंबं घेट्टोत येऊन पडत होती. आपल्याच देशात निर्वासित झालेली. आईबाप टायफसने गेले की मागे उरायची एकटी मुलं. अशा सुमारे हजार मुलांना ठेवलेलं एक सरकारी आश्रयस्थान होतं आणि तिथे मुलं पटापट मरत होती. १९४२ च्या सुरुवातीला कोर्चाक यांनी स्वतःच्या २०० मुलांचा भार असतानाही तिथे काम मागून घेतलं.

आणि त्यांच्या घरात कोर्ट, वही, अभ्यास, गाणी हे सगळं चालूच होतं. बाहेर कसलाच कायदा उरलेला नसताना आतल्या मुलांना मात्र कायदा काय असतो हे रोज दिसत होतं.

'डाकघर'च का?

टागोरांचा अमल हा स्वतःच एक अनाथ, दत्तक घेतलेला मुलगा. आजारी आहे म्हणून वैद्याने त्याला घराबाहेर पडायला मनाई केलीय. तो खिडकीत बसतो आणि रस्त्यावरच्या दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुलं वेचणाऱ्या सुधाशी बोलत राहतो. समोर राजाचं नवं डाकघर उघडलंय आणि आपल्यालाही राजाचं पत्र येईल या आशेवर तो आहे. शेवटी राजवैद्य येतो, दारं-खिडक्या उघडायला लावतो आणि अमल शांत झोपी जातो.

बंद खोली, बाहेर जायला बंदी आणि खिडकीतून दिसणारं जग. घेट्टोतल्या मुलांना यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नसेल.

एस्तेर्का विनोग्रोन या तरुण मदतनीस मुलीने नाटक बसवलं. हेच नाटक का निवडलं असं विचारल्यावर, मुलांना मृत्यूकडे शांतपणे बघता यावं म्हणून, अशा अर्थाचं उत्तर कोर्चाक यांनी दिल्याचं सांगितलं जातं. पण एवढंच कारण असेल असं वाटत नाही. मूल स्वतःची भीती स्वतःच्या नावाने बोलू शकत नाही. तीच अमलच्या नावाने बोलू शकतं. शिवाय तालमी म्हणजे रोज ठरलेल्या वेळी करायचं काम, पाठ करायचे संवाद, सोबतचे मित्र. ज्यांचं सगळं हिरावलं गेलंय त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. युद्धातून वाचलेल्या मुलांसोबत आज जगभर नाटकाचं काम होतं, ते याच कारणासाठी.

शेवटचा प्रवास

प्रयोगानंतर चारच दिवसांनी, २२ जुलैला, घेट्टोतल्या लोकांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेणं सुरू झालं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथालयाची पाळी आली. कोर्चाक यांना वाचवायला बाहेरची पोलिश मित्रमंडळी तयार होती. त्यांनी नकार दिला. सुमारे २०० मुलं, विल्चिन्स्का आणि इतर कर्मचारी यांच्यासोबत ते रांगेत चालत स्टेशनपर्यंत गेले. त्यातलं कुणीही परत आलं नाही.

योगायोग बघा. त्याच १९४२ मध्ये सोव्हिएत रशियातून सुटलेली पोलंडची अनाथ मुलं भारतात पोहोचत होती. जामनगरजवळ बालाचडीला त्यांची छावणी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरजवळ वळिवडेला हजारो पोलिश निर्वासितांची वसाहत झाली. एकाच देशाची मुलं. काहींना भारताने घर दिलं. काहींपर्यंत भारतातून फक्त एक नाटक पोहोचलं.

१९७८ मध्ये मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार व्हावा असा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांत मांडला तो पोलंडने. मूल हे उद्याचा माणूस नसून आजच पूर्ण माणूस आहे, हा कोर्चाक यांचा विचार त्यामागे होता. १९८९ मध्ये करार मंजूर झाला आणि १९९२ मध्ये भारतही त्यात सामील झाला.

ट्रेब्लिंकात आज हजारो दगड उभे आहेत. बहुतेकांवर काहीच कोरलेलं नाही, काहींवर उद्ध्वस्त झालेल्या गावांची नावं आहेत. माणसाचं नाव असलेला दगड एकच. त्यावर यानुश कोर्चाक यांचं नाव आहे आणि त्यांच्यासोबत त्यांच्या मुलांचाही उल्लेख आहे.