क्रेडिट्समधलं दुसरं नाव

एक प्रश्न विचारते, खरं उत्तर द्यायचं हं. मार्व्हलचा सिनेमा संपल्यावर तुम्ही लगेच उठता? नाही ना? दिवे लागतात, सफाईवाले काका सांडलेले पॉपकॉर्न गोळा करायला लागतात, आई-बाबा घड्याळ दाखवतात आणि आपण पोस्ट-क्रेडिट सीनसाठी ठाण मांडून बसलेलो असतो. तेवढ्या वेळात पडद्यावरून शेकडो नावं सरकतात. त्यातली तुम्ही किती वाचता? मी तरी एकही वाचायचे नाही.

२०१९च्या एप्रिलमध्ये, दहावीची परीक्षा संपल्या संपल्या, आमची अख्खी गँग ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ला गेली होती. तो सीन तुम्हालाही आठवत असेल. कॅप्टन अमेरिका एकटा उभा, ढाल तुटलेली, समोर थानोसचं अफाट सैन्य. आणि मग त्याच्या पाठीमागे सोनेरी गोल दारं उघडायला लागतात. एकेक हिरो बाहेर येतो. थिएटरमध्ये इतका कल्ला झाला की पुढचे संवाद मला ऐकूच आले नाहीत. शेजारची मैत्रीण रडत होती. मीही.

आता त्या लढाईतली काही नावं घेऊ. कॅप्टन अमेरिका, थॉर, हल्क, अँट-मॅन, वास्प, स्कार्लेट विच, ब्लॅक पँथर आणि आपला लाडका ग्रूट. या सगळ्यांची पहिली गोष्ट कॉमिक्समध्ये आली तेव्हा ती एकाच माणसाने पेन्सिलीने काढली होती. लेखक, सहकारी बदलत गेले, चित्रकार तोच. जॅक किर्बी. स्टॅन ली म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर चष्मा, मिशी आणि सिनेमातला छोटासा कॅमिओ येतो. किर्बी म्हटल्यावर काय येतं? काहीच नाही? मग ही गोष्ट वाचाच.

गल्लीतला जेकब

त्याचं खरं नाव जेकब कुर्ट्झबर्ग. जन्म २८ ऑगस्ट १९१७. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात, ऑस्ट्रियातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात. वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला. दाटीवाटीच्या इमारती, गल्लीगल्लीत पोरांच्या टोळ्या आणि रोजच्या मारामाऱ्या. ही मुलं गच्च्यांवरूनसुद्धा एकमेकांशी भांडायची. पुढे किर्बीच्या चित्रांत ठोसे असे बसायचे की वाचणाऱ्यालाही लागावेत. ती ट्रेनिंग इथली!

चित्रकला त्याला कुणी शिकवली नाही. प्रॅट या नावाजलेल्या कला संस्थेत त्याने प्रवेश घेतला, पण तिथे तो जेमतेम आठवडाभर टिकला. वर्तमानपत्रातली कॉमिक्स बघून तो हात बसवत राहिला. मुलांच्या एका क्लबच्या छोट्या पेपरात त्याची व्यंगचित्रं यायची. मग पोपायच्या कार्टून फिल्म बनवणाऱ्या फ्लायशर स्टुडिओत काम मिळालं. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरत बसायचं. पट्ट्यावर काम केल्यासारखं. त्याला ते कारखान्यासारखं वाटलं आणि त्याने ते सोडलं. वेगवेगळी टोपणनावं वापरून झाल्यावर त्यातलं एक त्याला चिकटलं, जॅक किर्बी.

हिटलरला ठोसा

डिसेंबर १९४०. युरोपात युद्ध पेटलंय, अमेरिका अजून त्यात उतरलेली नाही. अशा वेळी न्यूयॉर्कच्या स्टॉलवर एक कॉमिक येतं. मुखपृष्ठावर अमेरिकन झेंड्याचा पोशाख घातलेला एक हिरो चक्क हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. हा कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक. जो सायमन आणि जॅक किर्बी या दोन ज्यू तरुणांनी तो केला होता. किर्बी तेव्हा २३ वर्षांचा, म्हणजे माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा!

अंक तुफान खपला. नाझींच्या समर्थकांनी धमक्या द्यायला सुरुवात केली. एकदा खाली काही माणसं भांडायला आलीत असा फोन आला, तेव्हा किर्बी बाह्या सरसावून खाली गेला आणि तोवर ती गायब झाली होती, असा किस्सा सांगतात. पण नफ्यातला ठरलेला वाटा मिळत नाही असं दिसल्यावर वर्षभरातच दोघांनी कंपनी सोडली. कॅप्टन अमेरिका मात्र कंपनीकडेच राहिला. हा पॅटर्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४२मध्ये रोझ या मुलीशी त्याचं लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी सैन्यात भरतीचं पत्र आलं. १९४४च्या ऑगस्टमध्ये तो नॉर्मंडीत उतरला. हा कॅप्टन अमेरिकाचा चित्रकार आहे हे अधिकाऱ्याला कळलं. बढती मिळेल असं वाटतंय? छे! चित्र काढता येतं ना, मग सगळ्यांच्या पुढे जाऊन शत्रूच्या जागांचे नकाशे काढून आण, असं सर्वांत धोक्याचं काम त्याला मिळालं. त्या हिवाळ्यात थंडीने पाय इतके खराब झाले की डॉक्टर ते कापायचा विचार करत होते. नशिबाने पाय वाचले.

तळघरात जमलेली टीम

युद्धानंतर सायमन आणि किर्बीने गुन्हेगारी कथांपासून प्रेमकथांपर्यंत सगळं केलं. पन्नासच्या दशकात कॉमिक्सचा धंदा बसला आणि किर्बी पुन्हा जुन्या कंपनीच्या दारात आला. तीच कंपनी पुढे मार्व्हल झाली. तिथे संपादक होता स्टॅन ली.

पुढची काही वर्षं म्हणजे निव्वळ वेड आहे. १९६१मध्ये फँटास्टिक फोर. १९६२मध्ये हल्क, थॉर, अँट-मॅन. १९६३मध्ये तर अ‍ॅव्हेंजर्स आणि एक्स-मेन या दोन टीम एकाच महिन्यात! अ‍ॅव्हेंजर्सच्या पहिल्या अंकातला व्हिलन कोण माहितीये? लोकी. २०१२च्या सिनेमातही तोच होता ना! आणि अंक नंबर चारमध्ये किर्बीने आपल्या जुन्या दोस्ताला बर्फातून बाहेर काढलं, कॅप्टन अमेरिकाला.

हे सगळं घडत होतं लाँग आयलंडवरच्या त्याच्या घराच्या तळघरात. घरचे त्या खोलीला अंधारकोठडी म्हणायचे. छोटंसं टेबल, सिगार आणि पेन्सिल. रात्र रात्र जागून तो वर्षाला हजाराच्या आसपास पानं काढायचा. पैसे पानामागे मिळायचे, म्हणजे पान काढलं तर पैसे, नाही तर नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर फ्रीलान्सर. हिरो हिट झाला तरी त्याला रॉयल्टी नाही.

आता एक मजा बघा. आपल्याला वाटतं लेखक आधी गोष्ट लिहितो आणि चित्रकार त्यावरून चित्रं काढतो. मार्व्हलमध्ये उलटं चालायचं. ली आणि किर्बी आधी गप्पा मारायचे, कधी नुसतं फोनवर. मग किर्बी घरी जाऊन अख्खी गोष्ट चित्रांतून रचायचा, कडेला टिपणं लिहायचा. त्यानंतर ली संवाद भरायचा. ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसची गोष्ट ठरली तेव्हा किर्बीच्या पानांवर आकाशात सर्फबोर्डवरून उडणारा एक चंदेरी माणूस आला. ली चकित. एवढा मोठा राक्षस असेल तर त्याचा निरोप्या नको का, असा किर्बीचा साधा हिशोब. असा जन्मला सिल्व्हर सर्फर. अंकावर मात्र लेखक ली आणि चित्रकार किर्बी.

हे अन्यायाचं वाटतंय? थांबा. लीचं कामही छोटं नव्हतं. हिरोंना घरभाड्याची चिंता असते, त्यांची आपसात भांडणं होतात, ते विनोद करतात, हा सूर त्याच्या संवादांतून आला. वाचकांशी मित्रासारखं बोलणं ही त्याचीच देणगी. दोघांपैकी एक जरी नसता तरी आपण थिएटरमध्ये रडलो नसतो.

एका फीचरची गोष्ट

पण मग नाव एकाचंच का झालं? याचं एक कारण मला वाचताना टोचलं, कारण ते आमच्या धंद्यातलं आहे.

जानेवारी १९६६मध्ये ‘न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून’च्या रविवार पुरवणीत मार्व्हलवर मोठं फीचर आलं. वार्ताहर ली-किर्बीच्या एका चर्चेला बसला होता. ली उंच, बोलका, हातवारे करत गोष्ट रंगवणारा. किर्बी बुटका, गप्प, मान डोलावणारा. छापून आलं ते असं की ली म्हणजे सगळ्या कल्पनांचा झरा आणि किर्बी एखाद्या कारखान्यातल्या दुय्यम मुकादमासारखा दिसणारा माणूस. किर्बी आणि रोझला तो लेख फार लागला. लेख लीने लिहिला नव्हता, हेही खरं. पण दोघांमधलं अंतर वाढत गेलं.

हे वाचलं आणि मला माझीच कॉपी आठवली. कॉलेजच्या एका एकांकिकेवर मी लिहिलं होतं. दिग्दर्शक वीस मिनिटं भारी बोलला. नेपथ्य करणारा मुलगा कोपऱ्यात खिळे ठोकत होता, त्याला काही विचारलं तर नुसता हसला. माझ्या लेखात दिग्दर्शकाचं नाव चार वेळा आलं. त्या मुलाचं एकदाही नाही. जो बोलतो त्याचं छापलं जातं. तुमच्या ग्रुप प्रोजेक्टमध्येही असंच होतं ना? पीपीटी एक जण रात्रभर बनवतो, मार्क प्रेझेंट करणाऱ्याला.

८८ पानं

१९७०मध्ये किर्बी मार्व्हल सोडून थेट डीसीकडे गेला. तिथे त्याने देवांची अख्खी नवी दुनिया उभी केली आणि डार्कसाइड नावाचा खलनायक आणला. पुढे १९७३मध्ये जिम स्टार्लिनने मार्व्हलसाठी थानोस आणला, तो किर्बीच्या याच दुनियेच्या प्रभावातून. म्हणजे मार्व्हल भारी की डीसी, या भांडणात दोन्हीकडून किर्बीच!

तो पुन्हा मार्व्हलमध्ये आला, ‘इटर्नल्स’ केलं, १९७८मध्ये पुन्हा बाहेर पडला आणि अ‍ॅनिमेशनमध्ये गेला. मग आली सगळ्यात वाईट लढाई. मार्व्हल तेव्हा चित्रकारांना त्यांची मूळ पानं परत करत होतं. इतरांना एक पानी करार आणि किर्बीला चार पानी, हक्क सोडून देणारा. त्याने मार्व्हलसाठी हजारो पानं काढली होती. कंपनीने देऊ केली ८८. फ्रँक मिलरसारखे तरुण कलाकार त्याच्या बाजूने जाहीरपणे बोलले. चाहते चिडले. शेवटी १९८७मध्ये सुमारे १९०० पानं परत मिळाली. बाकीची गेली ती गेलीच.

६ फेब्रुवारी १९९४ला कॅलिफोर्नियातल्या घरी किर्बी गेला. वय ७६. आपण ज्यांच्यासाठी रांगा लावल्या, त्यातला एकही सिनेमा त्याने पाहिला नाही. २००९मध्ये डिस्नेने मार्व्हल सुमारे चार अब्ज डॉलरला घेतलं. त्याच वर्षी किर्बीच्या मुलांनी हक्कांसाठी नोटिसा पाठवल्या. त्यानंतरच्या खटल्यात दोन कोर्टांनी मार्व्हलच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या दारात असताना सप्टेंबर २०१४मध्ये तडजोड झाली. त्यानंतर कॉमिक्समध्ये त्याचं नाव निर्माता म्हणून ठळकपणे यायला लागलं. वीस वर्षं उशिरा.

पुढच्या वेळी

२०२५चा ‘फँटास्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’ पाहिलात? ती गोष्ट ज्या पृथ्वीवर घडते तिचा नंबर आहे ८२८. आठवा महिना, अठ्ठावीस तारीख. किर्बीचा वाढदिवस! आणि त्यातला दगडी अंगाचा बेन ग्रिम? त्याचं पूर्ण नाव बेंजामिन जेकब ग्रिम. बेंजामिन हे किर्बीच्या वडिलांचं नाव, जेकब त्याचं स्वतःचं. मारामाऱ्यांच्या गल्लीतून आलेला, बाहेरून खडबडीत, आतून हळवा. किर्बीला पडद्यावर शोधायचं असेल तर तो तिथे आहे.

तेव्हा पुढच्या टीम-अप सिनेमाला गेलात की पोस्ट-क्रेडिट सीनची वाट बघता बघता नावंही वाचा. बसलेलोच तर असतो आपण! स्टॅन लीच्या शेजारी दुसरं नाव दिसलं की एक शिट्टी माझ्याकडूनही मारा.

आणि हो, नेपथ्यवाल्या त्या मुलाला मी मागच्या आठवड्यात फोन केला. पुढच्या प्रयोगाचा सेट तो कसा उभा करतो ते बघायला शनिवारी जातेय. वही घेऊन. तो फार बोलणार नाही, हे मला माहीत आहे.